मनीला घरातच राहू दे

ती. ताईस,


तू फोनवर विचारलंस ते फोनवर उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. सोन्या पोटात होता तेव्हा घरात मांजरी होत्या, त्यांची घाण तूच काढायचीस, आणि आता कुणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या व्हिडिओत मांजरीच्या जंतूमुळे स्किझोफ्रेनिया होतो असं सांगितलंय. भाऊजी मनी मांजरीला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून यायचं म्हणताहेत. आणि तू विचारतेस, "खरं सांग, सोन्याला हा आजार माझ्यामुळे झाला का?"

नाही. हे उत्तर आधी लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं वाचताना तुझा जीव त्यातच अडकून राहील. पण नुसतं "नाही" म्हटल्याने तुझं समाधान व्हायचं नाही हे मला ठाऊक आहे. व्हिडिओतली प्रत्येक गोष्ट खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. आयुष्यभर मेडिकल कॉलेजात परजीवी जंतू शिकवले. त्यातलं खरं किती आणि अंदाज किती हे धाकट्या बहिणीने नाही तर कुणी सांगायचं?

जंतू खरा आहे. त्याचं नाव टॉक्सोप्लाझ्मा गोंडी. १९०८ साली ट्युनिसच्या पाश्चर संस्थेत शार्ल निकोल आणि लुई मांसो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. माणसांत, गुराढोरांत, पक्ष्यांत तो सगळीकडे दिसत होता, पण एकातून दुसऱ्यात जातो कसा हे पुढची साठेक वर्षं नीट कळत नव्हतं. कच्च्या मांसातून जातो हे समजलं होतं. मग मांस न खाणाऱ्यांना का होतो? हा प्रश्न ज्या अभ्यासाने ठळक केला तो आपल्या मुंबईतला आहे. १९५९ साली मुंबईतल्या शाकाहारी आणि मांसाहारी लोकांचं रक्त तपासून पाहिलं, तर लागण दोन्हीकडे जवळजवळ सारखीच निघाली. म्हणजे मांसाखेरीज दुसरी वाट होतीच. ग्लासगोच्या हचिसन यांनी १९६५ मध्ये ती मांजरीच्या विष्ठेपर्यंत नेली आणि १९७० च्या सुमारास फ्रेंकेल आणि भारतात जन्मलेले पशुवैद्य जे. पी. दुबे, तसेच इतर काही संशोधक यांनी जंतूचं पूर्ण चक्र उलगडलं. या जंतूचा नर-मादीचा संसार फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतो. तिथून त्याच्या अंड्यांसारख्या पुट्या विष्ठेवाटे मातीत पडतात आणि ओल्या, सावलीच्या मातीत वर्षभरसुद्धा तग धरतात.

इथवरचं ऐकून भाऊजी पोतं शोधायला उठतील, तर त्यांना थांबव. मांजर या पुट्या रोज टाकत नाही. पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे टाकतं, त्यानंतर बहुतेक मांजरं पुन्हा सहसा टाकत नाहीत. ताज्या विष्ठेतली पुटी लगेच बाधतही नाही; ती पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. जी बाई रोजच्या रोज घाण काढते, तिला खरं म्हणजे धोका कमी. तू काढायचीस तशीच. उलट कुठल्या तरी अनोळखी मांजराने चार महिन्यांपूर्वी परसात उकरलेल्या मातीतून, नीट न धुतलेल्या कोथिंबिरीतून, गाळलेल्या पण न उकळलेल्या पाण्यातून, अर्धवट शिजलेल्या मटणातून हा जंतू जास्त येतो. कोइम्बतूरला २००४-०५ मध्ये याच जंतूमुळे डोळ्यांच्या आजाराची साथ आली होती, शेकडो लोकांची दृष्टी बाधित झाली, आणि संशय गेला तो पिण्याच्या पाण्यावर. त्या लोकांनी मांजर पाळलं होतं की नाही, हे तिथे गौण होतं. देशभरातल्या बाळंतपणाच्या वयातल्या बायकांची एक मोठी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात साधारण २२ टक्के बायकांच्या रक्तात या जंतूच्या लागणीची खूण मिळाली. पाचातली एक. तुझ्या महिला मंडळात सगळ्यांचं रक्त तपासलं तर अशा बऱ्याच निघतील, आणि त्यातल्या अनेकींनी मांजराला कधी हातही लावलेला नसेल.

आपण दोघी तर लहानपणापासून मांजरांतच वाढलो. पडवीत, माळ्यावर, चुलीशेजारी मांजरं होती. तुला लागण झालीच असेल तर ती बहुधा परकर-पोलक्याच्या वयातच झाली असेल. चार दिवस अंग मोडून आलं असेल, मानेला गाठ आली असेल, आणि आईने काढा देऊन सोडून दिलं असेल. पोटातल्या बाळाला खरा धोका असतो तो आईला गरोदरपणातच पहिल्यांदा लागण झाली तर. तेव्हा बाळाच्या डोळ्यांवर, मेंदूवर परिणाम होऊ शकतो, काही बाळांच्या डोक्यात पाणी साठतं. सोन्याला तसलं काहीच नव्हतं. वेळेवर बसला, वेळेवर बोलला, शाळेत पाढे आणि श्लोक दोन्हीत पहिला असायचा. आठवून बघ.

आता आजाराशी संबंध. तो शोधायला कुणी आणि का निघालं हे तुला आधी सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

अमेरिकेत एडविन फुलर टोरी नावाचे मनोविकारतज्ज्ञ आहेत. कॉलेजात शिकत होते तेव्हा, १९५० च्या दशकात, त्यांच्या धाकट्या बहिणीला स्किझोफ्रेनिया झाला. तो काळ फार निर्दय होता. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नावाजलेल्या मनोविश्लेषक बाईंनी १९४८ साली लिहिलं होतं की आईच्या थंड, नाकारणाऱ्या वागण्यातून मुलाला हा आजार जडतो. बाई स्वतः रुग्णांशी अतिशय मायेने वागायच्या असं म्हणतात, पण त्यांच्या त्या विधानाने पुढची पंचवीस-तीस वर्षं हजारो आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. मूल हरवल्यासारखं झालेलं, आणि डॉक्टर विचारतोय, "तुम्ही त्याला लहानपणी जवळ घेत होतात का?" टोरी यांनी हे आपल्याच घरात पाहिलं. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांनी सगळी शक्ती एका गोष्टीवर लावली: हा मेंदूचा आजार आहे, जसा पार्किन्सनचा आहे तसाच, आणि त्याची कारणं मेंदूत, शरीरात, जनुकांत, जंतूंत शोधली पाहिजेत, आईच्या स्वभावात नव्हे. १९८३ मध्ये त्यांनी रुग्णांच्या घरच्यांसाठी जाडजूड पुस्तक लिहिलं, ते आजही लोक वाचतात.

याच ध्यासातून ते मांजरापर्यंत आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालरोग आणि विषाणूंचे तज्ज्ञ रॉबर्ट योल्केन त्यांच्या जोडीला होते. १९९५ मध्ये दोघांनी रुग्णांच्या कुटुंबांना विचारलं की लहानपणी घरात मांजर होतं का. रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरी होतं, इतरांत ते प्रमाण चाळीसेक टक्के निघालं. फरक छोटा, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही असं त्यांना वाटलं. मग ते टॉक्सोप्लाझ्माकडे वळले आणि जगभरातल्या तपासण्या एकत्र करू लागले.

म्हणजे बघ ताई, ज्या कल्पनेने तुझी झोप उडाली, ती जन्माला आली आयांवरचा आरोप पुसायला. एका भावाने आपल्या आईला निर्दोष ठरवण्यासाठी जंतूचा माग काढला, आणि तो माग कुठल्याशा व्हिडिओतून फिरत फिरत पुन्हा एका आईच्याच अंगावर येऊन पडला. याचा मला राग येतो. संशोधनाचा नाही, ते ज्या तऱ्हेने घरोघरी पोचवलं जातं त्याचा.

आता आकडे. यातलं काहीही मी तुझ्यापासून झाकून ठेवणार नाही. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ५० अभ्यास एकत्र केले. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत या जंतूची लागण असण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण १.८ पट निघाली. डेन्मार्कमध्ये प्रत्येक बाळाच्या टाचेतलं थेंबभर रक्त जन्मताच जपून ठेवतात. ते बऱ्याच वर्षांनंतर तपासलं, तर पुढे ज्यांना हा आजार झाला त्यांच्यात जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी थोड्या जास्त सापडल्या, तिथेही पट जवळजवळ तेवढीच. जन्मताच्या या अँटिबॉडी आईकडून वारेतून आलेल्या असतात. हा अभ्यास तुला बोचेल, पण त्याचा अर्थ पुरता समजून घे. हजार माणसांत साधारण सात जणांना आयुष्यात कधी तरी स्किझोफ्रेनिया होतो. जंतू आणि आजार यांचा संबंध खरोखर कार्यकारणाचा आहे असं क्षणभर धरलं, तरी हिशेब असा येतो की लागण नसलेल्या हजारांत सहा आणि लागण असलेल्या हजारांत दहा-अकरा. उरलेल्या नऊशे नव्वदांना काही होत नाही. पॅरिसमध्ये १९६० च्या दशकात ऐंशी टक्क्यांहून अधिक गरोदर बायकांत ही लागण होती, कारण तिथे मांस कच्चट खायची रीत. म्हणून काही फ्रान्समध्ये स्किझोफ्रेनियाची लाट आली नाही.

शिवाय उलट सांगणारे अभ्यास आहेत, आणि ते तितकेच मोलाचे आहेत. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांच्या मागे संशोधक आजतागायत लागलेले आहेत. त्या मोठ्या झालेल्या माणसांचं रक्त तपासून २०१६ मध्ये त्यांनी लिहिलं की लागण झालेल्यांत स्किझोफ्रेनिया वाढल्याचं काही दिसत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातल्या सुमारे पाच हजार मुलांचा अभ्यास २०१७ साली आला. त्यांनी नेमका तुझाच प्रश्न विचारला होता: आई गरोदर असताना किंवा मूल लहान असताना घरात मांजर असेल, तर पुढे भास, संशय असली लक्षणं वाढतात का? घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर उत्तर नकारार्थी आलं. त्यानंतर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १७ अभ्यास एकत्र करून मांजर आणि आजाराचा संबंध दिसतो असं म्हटलं आहे, पण त्या अभ्यासांचा दर्जा कमी-जास्त आहे हे त्यांनीच सांगून ठेवलंय. विज्ञान अजून भांडतंय. माझं मत विचारशील तर, जंतूचा काही जणांच्या आजारात थोडा हात असावा असं मला वाटतं. पाळलेल्या मांजराचा त्याहून फार कमी.

उंदरांचा तो प्रयोगही व्हिडिओत असणार. ऑक्सफर्डमध्ये २००० साली दिसलं की लागण झालेल्या घुशी-उंदरांना मांजराच्या मुताच्या वासाची भीती राहत नाही, काही तर त्या वासाकडे ओढले जातात. जंतूला मांजराच्या पोटात जायचं असतं, तेव्हा त्याच्या ते पथ्यावरच पडतं. हा जंतू मेंदूत आणि स्नायूंत बारीक कोष करून जन्मभर राहतो, आणि लागण झालेल्या पेशींत डोपामीन वाढतं असं लीड्सच्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलं. सोन्याच्या गोळ्या डोपामीनवरच काम करतात, म्हणून ही गोष्ट लोकांना चटकन पटते. पण नंतरच्या काही प्रयोगांत तसं डोपामीन वाढलेलं मिळालं नाही. उंदराचं भय जाणं वेगळं, आणि आपल्या मुलाला भिंतीमागून आवाज ऐकू येणं वेगळं. यातून त्यातली उडी अजून कुणी सिद्ध केलेली नाही.

जंतूंमुळे बुद्धी-मन बिघडतं हे मुळात अशक्य मात्र नाही, आणि म्हणूनच हे संशोधन चालू राहावं असं मला मनापासून वाटतं. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत कितीतरी रुग्ण असे होते की ज्यांना मोठेपणाचे भ्रम व्हायचे, हातपाय लुळे पडायचे आणि काही वर्षांत मृत्यू यायचा. लोक त्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवत. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले. व्हिएन्नाच्या वाग्नर-यौरेग यांनी १९१७ पासून त्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया देऊन तापाने त्यातल्या काहींना बरं केलं, त्याबद्दल १९२७ चं नोबेल मिळवलं. एका परजीवी जंतूने मनाचा आजार शमवल्याचं ते अजब उदाहरण. पुढे पेनिसिलीन आलं आणि तो आजार जवळजवळ संपला. आपल्याकडचा दाखला पट्टकृमीचा. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना काही वर्षांनी फिट्स यायच्या, काहींचं मन बिघडायचं. त्यांच्या मेंदूत डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्या निघाल्या. हा आजार आपल्याकडे आजही आहे, डुक्कर न खाणाऱ्यांनाही होतो, कारण त्याची अंडी घाणेरड्या पाण्यावर वाढलेल्या भाज्यांतून येतात. पण तो मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतो आणि त्यावर औषध आहे. सोन्या पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता, तुम्ही खर्चाला कचरला नाहीत आणि तो स्वच्छ आला. ते फार चांगलं केलंत.

मग त्याला का झालं? चिपळूणला २०२१ च्या जुलैत पाणी शिरलं तेव्हा अतोनात पाऊस, खाडीची भरती, धरणाचं पाणी आणि गाळाने भरलेली नदी सगळं एकदम आलं. कुणी एका थेंबाकडे बोट दाखवून यानेच घर बुडवलं असं म्हणू शकत नव्हतं. स्किझोफ्रेनियाचं तसं आहे. हुबेहूब जुळ्यांत एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास, म्हणजे जनुकांचा भाग मोठा, पण सगळा नाही. भाऊजींच्या चुलत्यांबद्दल आपण कुजबुजत बोलायचो ते आठवतंय ना? जनुकांच्या जोडीला गरोदरपणातले आजार, बाळंतपणातल्या अडचणी, कोवळ्या वयातला गांजा, मोठ्या शहरातली वाढ, कदाचित जंतू, असं थोडं थोडं मिळत जातं. यातली कुठलीही गोष्ट कुणी आई वाईट हेतूने करत नाही, आणि बहुतेक गोष्टी तिच्या हातातही नसतात. पंचवीस वर्षांपूर्वी तुला मांजराबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी "रोज घाण काढा, हात धुवा" एवढंच सांगितलं असतं. तू तेच करत होतीस.

गावात आता सल्ले देणारे वाढतील. कुणी करणी म्हणतील, कुणी कुळाचाराचं काही राहिलंय म्हणतील, आणि आता कुणी मांजर म्हणतील. या तिन्हींत मला एकच गोष्ट दिसते: आजाराला एक तोंड हवं असतं, म्हणजे त्याच्यावर ओरडता येतं. मांजराचं तोंड विज्ञानाच्या भाषेत बोलतं म्हणून ते जास्त खरं वाटतं इतकंच. मनीला सोडून आलात तर सोन्याच्या आजारात तसूभर फरक पडणार नाही, आणि जो जीव तो अजून मांडीवर घेतो, ज्याच्याशी तो घरात सगळ्यांत जास्त बोलतो, तोही जाईल.

तू त्याचं रक्त टॉक्सोप्लाझ्मासाठी तपासून घ्यावं का असं विचारलंस. लॅबवाला टॉर्च टेस्ट करून देईल, हजारो रुपये घेईल. माझं म्हणणं, करू नकोस. ती सकारात्मक आली तर त्याला कधीतरी लागण झाली होती एवढंच कळेल. कधी, कुठून, आणि आजाराशी संबंध आहे का, यातलं काही कळणार नाही. उपचारही बदलणार नाही. मेंदूतले कोष पूर्ण काढून टाकणारं औषध अजून नाही. जंतूची लागण असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर अॅझिथ्रोमायसिन देऊन पाहिलं गेलं, २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि लक्षणांत सुधारणा दिसली नाही. म्हणून कुणी जंतूचा कोर्स लिहून देऊ लागला तर घेऊ नका, आणि त्या नादात चालू गोळ्या तर अजिबात थांबवू नका. मागे एकदा दोन महिने बंद केल्या तेव्हा काय झालं ते तूच मला रडत सांगितलं होतंस.

पैसे आणि वेळ जिथे खर्च करायला हवा ते दुसरीकडे आहे. दोन निरनिराळी औषधं पुरेशा मात्रेत देऊनही त्याचे आवाज थांबलेले नाहीत, म्हणून डॉक्टर क्लोझापीनबद्दल बोलले असं तू म्हणालीस. ते औषध खरोखर चांगलं आहे, अशा रुग्णांत दुसरं कुठलंच त्याच्या तोडीचं नाही, आणि आपल्याकडे ते उगीच उशिरा सुरू होतं. त्याने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, पुढे महिन्यातून एकदा. रक्त तपासायचं तर हे तपासा. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, वाट बघू नका. बद्धकोष्ठाकडेही लक्ष ठेव, या औषधात ते साधं समजायचं नसतं. भाऊजींना सांग, आठवड्याच्या तपासणीला तालुक्याला नेण्याची जबाबदारी त्यांची; तू एकटी किती ओढशील? रात्री-अपरात्री काही झालं आणि माझा फोन लागला नाही, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी काम करणारी संस्था आहे, तिथे आयांचा गट भरतो. तू आलीस की आपण दोघी जाऊ. तिथे तुला कुणी काही विचारणार नाही. बसून ऐकलंस तरी चालेल.

क्लोझापीन सुरू करायची तारीख ठरली की कळव. पहिला आठवडा मी येऊन राहीन. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडले आहेत, ते भाऊजींच्या खिशात दे, नाहीतर तिथे गेल्यावर विसरायला होतं. सोन्याला सांग, मावशीने त्याच्यासाठी खव्याच्या पोळ्या करून ठेवल्यात, येताना आणते.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी